ढगाखाली समुद्रच असेल

स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला केथनेस नावाचा परगणा आहे. झाडे फार कमी, चहूकडे खुरटे हेदर, पाणथळ जमीन आणि मेंढ्या. 25 ऑगस्ट 1942 रोजी, मंगळवारी दुपारी, डनबीथ गावाजवळच्या डोंगरउतारावर एक शेतकरी बाप आणि त्याचा मुलगा मेंढ्या गोळा करत होते. धुके इतके उतरले होते की कळपातल्या मागच्या मेंढ्याही दिसेनाशा झाल्या होत्या. तेवढ्यात डोक्यावरून इंजिनांची घरघर आली. विमान दिसले नाही, पण आवाज फारच जवळून येत होता. काही क्षणांत धडाडून स्फोट झाला आणि त्यानंतर सगळे शांत झाले.

ज्या टेकडीवर हे घडले तिचे नाव ईगल्स रॉक. विमानात पंधरा माणसे होती, त्यांतली चौदा गेली. मृतांमध्ये केंटचे ड्यूक प्रिन्स जॉर्ज होते. ते राजे सहावे जॉर्ज यांचे धाकटे भाऊ, वय 39. हवाई दलात ते एअर कमोडोर होते आणि सैनिकांच्या राहण्याखाण्याची, सोयीसुविधांची पाहणी करण्यासाठी आइसलँडला निघाले होते. घरी सात आठवड्यांचे बाळ होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट त्याचे धर्मपिता, म्हणून बाळाच्या नावांत फ्रँकलिन हेही एक नाव होते. बारसे होऊन तीन आठवडेच झाले होते.

त्या महिन्यात मुंबईत ‘छोडो भारत’ची हाक देऊन जेमतेम पंधरवडा उलटला होता, गवालिया टँकवर जमलेले नेते तुरुंगात होते. ज्या राजाच्या नावाने इथले राज्य चालत होते त्याच्याच घरावर हा घाव बसला. राजे तेव्हा स्कॉटलंडमध्येच, बाल्मोरलला होते. तिथेच त्यांना बातमी कळली, आणि सप्टेंबरमध्ये ते ती टेकडी पाहायला स्वतः गेले. युद्ध ऐन भरात होते, वर्तमानपत्रांना रोजच मृतांच्या याद्या छापाव्या लागत होत्या. तरीही ब्रिटनमध्ये या अपघाताने जी खळबळ उडाली ती आजतागायत पुरती शमलेली नाही. त्याचे एक कारण राजपुत्र हे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते: इतके अनुभवी वैमानिक, चारही इंजिने धडधाकट, दिवसाची वेळ, आणि विमान सरळ डोंगरात गेलेच कसे?

ते विमान शॉर्ट संडरलँड जातीचे होते, क्रमांक डब्ल्यू 4026, हवाई दलाच्या 228 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे. संडरलँड म्हणजे उडणारी बोटच. पोट जहाजासारखे, चाके नाहीत, उड्डाण पाण्यावरून आणि उतरणेही पाण्यावर. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 34 मीटरहून अधिक. आत दोन मजले, बंक आणि चक्क छोटे स्वयंपाकघर, कारण अटलांटिकवर पाणबुड्यांच्या शोधात बारा-बारा तास घिरट्या घालायच्या म्हणजे माणसांना गरम जेवण लागणारच. आपल्याकडेही या विमानांनी मोलाचे काम केले आहे. 1944च्या पावसाळ्यात ब्रह्मदेशातल्या इंडॉजी सरोवरावर उतरून संडरलँडने जपानी फळीमागे लढणाऱ्या जखमी आणि आजारी चिंडिट सैनिकांना उचलले आणि आसामात ब्रह्मपुत्रेच्या पाण्यावर आणून सोडले. जिथे धावपट्टी नाही तिथे तळे पुरेसे होते.

विमानाचे कॅप्टन होते फ्लाइट लेफ्टनंट फ्रँक गॉयेन. ते ऑस्ट्रेलियाचे, वय अवघे पंचवीस, पण समुद्रावरच्या युद्धमोहिमांतला त्यांचा अनुभव हजार तासांच्या घरात होता. राजपुत्राला न्यायचे म्हणून स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर मोझली हेही सोबत आले होते. नवखेपणाचा दोष या कॉकपिटवर कुणी ठेवू शकत नाही. पुढे जे काही वाचायचे ते ही गोष्ट मनात धरून वाचावे.

क्रोमार्टीच्या खाडीत इन्व्हरगॉर्डन हे नाविक तळाचे गाव आहे. तिथून दुपारी एकनंतर विमानाने पाणी सोडले. आइसलँडपर्यंतचा पल्ला मोठा, त्यामुळे टाक्यांत सुमारे अडीच हजार गॅलन पेट्रोल भरलेले होते. इतके जड विमान चटकन उंची घेत नाही. पण घाईने उंच जायची गरजही नव्हती. मार्ग असा होता: खाडीतून बाहेर पडायचे, किनारा डाव्या हाताला ठेवून समुद्रावरूनच ईशान्येला जायचे, स्कॉटलंडचे टोक संपले की पेंटलँडच्या सामुद्रधुनीवरून डावीकडे वळायचे आणि मग खुला अटलांटिक. जमिनीवरून जाणारी जवळची वाट होती, पण फ्लाइंग बोटीला ती नको असते. तिच्यासाठी खाली पाणी असणे हीच सुरक्षितता. इंजिन बिघडले तर पाणी म्हणजे हवी तेवढी लांब धावपट्टी.

उड्डाणानंतर अर्धा तासही पुरता झाला नसेल, तेव्हा हे विमान समुद्रावर नसून किनाऱ्यापासून काही मैल आत, जमिनीवर होते. आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते.

यातला पहिला दोषी म्हणजे तिथला समुद्र. उत्तर समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही गारठलेले असते. त्यावरून दमट, त्या मानाने उबदार हवा वाहत आली की तिचा खालचा थर थंड होतो आणि त्यातली वाफ बारीक थेंबांचे रूप घेते. पूर्वेचा वारा हे धुके किनाऱ्यावर ढकलतो. तिथले लोक याला ‘हार’ म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्यात घाटमाथ्यावर अचानक ढग उतरतो आणि समोरचे वळण गिळून टाकतो, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याची कल्पना येईल. फरक इतकाच की घाटात गाडी थांबवता येते. विमान ताशी 240 किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरले तर ते एका सेकंदात 67 मीटर कापते. शंभर मीटरवरचे दिसत असेल, तर समोर टेकडी उगवल्यापासून तिच्यावर आदळेपर्यंत हातात दीड सेकंद उरतो. पंचवीस टनांच्या आसपास वजन असलेल्या विमानाला दीड सेकंदात वर उचलणे कुठल्याही वैमानिकाच्या हाती नसते.

मग प्रश्न असा की समुद्राऐवजी जमिनीवर ते आलेच कसे. यासाठी त्या काळी विमाने वाट कशी शोधत हे समजून घ्यावे लागते. आज मोबाइल आपल्याला गल्लीतल्या घराचा पत्ता काही मीटर अंतरापर्यंत दाखवतो, त्यामुळे ही अडचण कल्पनेत आणणेही जड जाते. 1942 साली नॅव्हिगेटरपाशी नकाशा, पेन्सिल, घड्याळ, होकायंत्र आणि वेगमापक एवढे सामान असे. अमुक दिशेने, अमुक वेगाने, इतकी मिनिटे आलो, म्हणजे आपण इथे असणार, असा हिशेब तो कागदावर मांडत राही. हा हिशेब बिघडवतो तो वारा. नदी ओलांडणाऱ्या होडीचे नाक समोरच्या घाटाकडे असले तरी प्रवाह तिला खाली ओढतो, तसा वारा विमानाला आडवे सरकवतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हिशेबात धरायचा राहिला, तर अर्ध्या तासात विमान पाच मैल बाजूला गेलेले असते. आणि विमानातल्या माणसांना ते मुळीच जाणवत नाही, कारण हवेचा सगळा पट्टाच त्यांना घेऊन सरकत असतो.

नॅव्हिगेटर लोकांचा एक सोपा आडाखा आहे: साठ मैल जाताना दिशा एका अंशाने चुकली तर एक मैल बाजूला पडाल. ईगल्स रॉकपर्यंतचे अंतर त्याहून कमी होते. तरीही काही अंशांची चूक पुरे होती. होकायंत्राच्या तबकडीवर चार-पाच अंश म्हणजे डोळ्यांत न भरणारी जागा.

ही सरक मोजण्याचे उपाय होते, पण प्रत्येक उपाय डोळ्यांवर अवलंबून होता. समुद्रावर धूर सोडणारी किंवा चमकणारी खूण टाकायची आणि ती मागे कोणत्या कोनात जाते ते पाहायचे. लाटांवरून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. किनाऱ्यावरचा दीपस्तंभ ओळखायचा. ढगात शिरले की हे तिन्ही बंद. रेडिओवर वारंवार विचारपूस करावी तर शत्रू ऐकत बसलेला.

आणखी एक फसवणूक उंचीमापकाची. त्या वेळचे अल्टिमीटर हवेचा दाब मोजत आणि त्यावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगत. पायाखालची जमीन किती जवळ आली आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. काटा सातशे फुटांवर असेल आणि खाली पाणी असेल तर खाली सातशे फूट मोकळी हवा आहे. काटा सातशेवरच असेल आणि खाली सातशे फुटांची टेकडी असेल तर काहीच शिल्लक नाही. दोन्ही वेळा उपकरण अगदी खरे बोलत असते.

आता कॉकपिटमधून पाहू. वैमानिकाचा हिशेब सांगतो की आपण समुद्रावर आहोत. भोवती पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही. अशा वेळी सागरी वैमानिक काय करतो? ढगाखाली उतरतो, पाणी नजरेला पडले की वाऱ्याचा अंदाज घेतो, किनारा शोधतो आणि हिशेब पक्का करतो. त्या लोकांचे रोजचे काम हेच होते. अटलांटिकवर शेकडो वेळा असे उतरून त्यांनी दर वेळी खाली पाणीच पाहिले होते. मला या अपघातातली सर्वांत करुण गोष्ट हीच वाटते. बेफिकीर माणूस टेकडीवर आदळतो असे आपण समजून चालतो. इथे माणसे आपली जागा तपासून पाहण्यासाठी खाली येत होती, असे मानायला पुरेपूर जागा आहे.

विमान उतारावर आदळले, उलटले, तुकडे झाले आणि पेट्रोलने पेट घेतला. शेपटीच्या टोकाला असलेला गनरचा काचेचा कप्पा तेवढा तुटून बाजूला फेकला गेला. त्यात फ्लाइट सार्जंट अँड्र्यू जॅक होता, वय एकवीस. चेहरा आणि हात भाजलेले. शुद्धीवर आल्यावर तो जळत्या अवशेषांकडे गेला, साथीदारांपैकी कुणी उरले आहे का ते पाहिले, आणि मग मदत शोधायला धुक्यात चालू लागला. शोधपथके वर पोचली तेव्हा तो टेकडीवर नव्हता. सगळे मेले असेच धरले गेले, त्याच्या घरीही तसेच कळवले गेले. रात्र त्याने उघड्या माळावर काढली. दुसऱ्या दिवशी एका एकट्या घराच्या दारात तो उभा राहिला, अर्धवट कपड्यांत, अनवाणी. त्या घरातल्या बाईने त्याला आत घेतले. असा तो एकटा वाचला. पुढे तो हवाई दलातच राहिला, मात्र त्या दिवसाबद्दल जाहीरपणे कधी बोलला नाही.

चौकशी झाली. 7 ऑक्टोबर 1942 रोजी हवाई मंत्री आर्चिबॉल्ड सिंक्लेअर यांनी तिचा निष्कर्ष पार्लमेंटमध्ये वाचून दाखवला. योगायोग असा की जिथे विमान पडले त्याच केथनेस मतदारसंघाचे ते खासदार होते. निष्कर्षाचा सारांश असा: विमान चुकीच्या मार्गावर होते आणि त्या मार्गात चढत गेलेल्या जमिनीच्या मानाने फार खाली होते.  हवामानाने अनुभवी वैमानिकाला अडचण यायला नको होती. विमान आदळताना इंजिने जोर लावून चालू होती. जबाबदारी कॅप्टनची. हवाई दलाच्या अपघात-नोंदीत याखेरीज असे होते: कॅप्टनने अज्ञात कारणांनी ठरलेली योजना बदलली आणि खाली पाणी आहे याची खात्री न करता ढगातून विमान उतरवले.

या निवेदनातले आणि नोंदीतले एक-एक वाक्य तपासून घ्यावे असे आहे. विमान चुकीच्या मार्गावर होते, हे टेकडीनेच सिद्ध केले. ते खाली होते, हेही. इंजिने चालू होती हे पंख्यांच्या वाकलेल्या पात्यांवरून कळले, म्हणजे यंत्र बिघडले नव्हते. इथवर सगळे पुराव्याचे आहे. पण कॅप्टनने योजना ‘बदलली’ हे कशावरून? योजना बदलणे म्हणजे जाणूनबुजून केलेली कृती. नकळत सरकत गेलेले विमानही नकाशावर नेमक्या त्याच जागी सापडेल. कारणे ‘अज्ञात’ आहेत असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे कृती मात्र पक्की धरायची, हे न्यायाला धरून नाही. आणि खाली पाणी आहे याची खात्री न करता उतरले म्हणावे, तर ढगातून न उतरता ती खात्री करण्याचे खरे साधन त्या विमानात कोणते होते, याचे उत्तर नोंदीत नाही.

मूळ चौकशीची कागदपत्रे पुढच्या संशोधकांना सापडलीच नाहीत. काहींनी होकायंत्रावर संशय घेतला आहे. दिशा स्थिर दाखवणारी जायरोची तबकडी हळूहळू घसरते, ती चुंबकीय होकायंत्राशी अधूनमधून जुळवून घ्यावी लागते. ते जुळवणे चुकले असेल तर काही अंशांची चूक आपोआप होते. हा तर्क सिद्ध झालेला नाही, पण ‘योजना बदलली’ यापेक्षा तो नक्कीच पुराव्याच्या जवळ जातो.

कागद हरवले की अफवांना रान मोकळे मिळते. ड्यूक स्वतः विमान चालवत होते, विमानात यादीबाहेरचा सोळावा माणूस होता, इतकेच काय हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस त्यात होता, अशा कथा पुस्तकांतून फिरत राहिल्या. त्यांच्यामागे भरवशाचा पुरावा नाही. ज्या भागात पूर्वेचा वारा, गार समुद्र आणि किनाऱ्यालगतच उठणारे डोंगर एकत्र येतात, तिथे विमान आदळायला कटकारस्थानाची गरज नसते. स्कॉटलंड आणि वेल्सच्या डोंगरांत त्या युद्धातल्या अनेक विमानांचे सांगाडे आजही पडलेले आहेत.

विमानशास्त्रात अशा अपघाताला आता वेगळे नाव आहे: धडधाकट विमान, पूर्ण ताब्यात असताना, नकळत जमिनीवर नेले जाणे. युद्धाने त्याची कितीतरी उदाहरणे दिली. नोव्हेंबर 1944मध्ये एअर चीफ मार्शल ली-मॅलरी आग्नेय आशियातल्या नव्या नेमणुकीवर निघाले आणि वाईट हवेत त्यांचे विमान फ्रान्समधल्या आल्प्सवर आदळले. पत्नीसह दहाही जण गेले. अवशेष हाती लागायला पुढच्या वर्षी बर्फ वितळावे लागले. आसामातून चीनकडे हिमालयाच्या फाट्यांवरून माल नेणारी दोस्तांची शेकडो विमाने गेली, त्यांतली कितीतरी ढगात लपलेल्या डोंगरांवर.

शांततेच्या काळातही ही चूक थांबली नाही, आणि तिने महाराष्ट्राला दोनदा गाठले. जुलै 1962मध्ये बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालियाचे जेट रात्री, पावसाळी ढगांत, जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. 94 जण गेले. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिक वेळेआधीच खाली उतरू लागला होता. 24 जानेवारी 1966 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ माँ ब्लाँवर आदळले आणि डॉ. होमी भाभांसह 117 जण गेले. तिथेही वैमानिकाची समजूत होती की शिखर मागे पडले आहे. भाभांच्या मृत्यूभोवती आजही घातपाताच्या कहाण्या विणल्या जातात, ईगल्स रॉकसारख्याच.

उपाय सापडला तो माणसाला अधिक सावध करून नव्हे. डॉन बेटमन या अभियंत्याने एक यंत्रणा बनवली. ती रेडिओलहरी खाली सोडून पायाखालची खरी उंची मोजते आणि जमीन वेगाने वर येत असेल तर कॉकपिटमध्ये ओरडून वर खेचायला सांगते. डिसेंबर 1974मध्ये वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान अशाच रीतीने डोंगरावर आदळले, 92 जण मेले, आणि त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा मोठ्या विमानांना सक्तीची केली. पुढे तिच्यात सगळ्या जगाच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा भरला गेला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या लष्करी नकाशांची माहिती विकत मिळाली, तीही त्यात गेली. आता समोर अजून न दिसणारा डोंगरही यंत्राला ठाऊक असतो. एकेकाळी प्रवासी विमानांचा सर्वांत मोठा काळ ठरलेला हा अपघात त्यामुळे दुर्मीळ झाला. गॉयेनच्या विमानात असे यंत्र असते, तर टेकडीच्या कितीतरी आधी ते ओरडले असते.

ईगल्स रॉकच्या बावन्न वर्षांनंतर, 2 जून 1994 रोजी, हवाई दलाचे एक चिनूक हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडहून निघाले होते. त्याला इन्व्हरनेसजवळच्या फोर्ट जॉर्जला जायचे होते, म्हणजे ज्या उपसागराच्या काठावरून ते संडरलँड उडाले होते तिथेच. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला मल ऑफ किन्टायर या भूशिरावर धुके होते. हेलिकॉप्टर उतारावर आदळले, 29 जण मेले. नेमके कारण सांगता येत नसतानाही दोन वरिष्ठ हवाई अधिकाऱ्यांनी मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. वास्तविक हवाई दलाचा स्वतःचाच नियम होता की तिळमात्र शंका नसेल तरच मेलेल्या वैमानिकाला असा दोष द्यावा. आपली बाजू मांडायला तो येऊ शकत नाही, म्हणून तो नियम. कुटुंबीय सोळा वर्षांहून अधिक काळ झगडले. जुलै 2011मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या समितीच्या सांगण्यावरून तो ठपका रद्द झाला आणि संरक्षणमंत्र्यांनी कुटुंबीयांची माफी मागितली.

फ्रँक गॉयेनसाठी असे झगडणारे कुणी लंडनपर्यंत पोचले नाही. चिनूकला लावला तोच नियम संडरलँडला लावला, तर 1942चा निकाल टिकत नाही. विमान कुठे होते हे सांगता येते, ते तिथे का होते हे सांगता येत नाही, आणि एवढ्यावर एका पंचवीस वर्षांच्या माणसाला दोषी म्हणता येत नाही. ईगल्स रॉकवर आज दगडी क्रॉस उभा आहे. त्यावर ड्यूकबरोबर त्यांच्या सोबत्यांचेही स्मरण केले आहे. पार्लमेंटच्या दप्तरात मात्र सिंक्लेअर यांचे ऑक्टोबर 1942चे निवेदन अजून जसेच्या तसे आहे.